घरचा वाफा

उचगावच्या शिवारात रत्नव्वाचा संशय सगळ्यांना ठाऊक होता. दूधवाल्यानं माप घातलं की ती आधी बोट बुडवून चाखायची. देवळातल्या प्रसादाचासुद्धा वास घ्यायची. नवऱ्यानं, बिचारा आता नाही तो, कधी साडी आणलीच तर 'का आणली असंल' म्हणून आठवडाभर त्याच्याकडं रोखून बघायची. दुधानं तोंड पोळलेले ताक फुंकून पितात, ही बाई पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिचा पालक मात्र लक्ष्मीपुरीच्या मंडईत हातोहात खपायचा. घरी खायचा पालक वेगळा. त्यासाठी परसात एक वाफा राखलेला होता. त्यावर फवारणी नाही की पोत्यातलं खत नाही. ओढ्याचा काळाभोर गाळ ती स्वतः पाट्या भरभरून आणायची आणि फक्त तिथंच पसरायची. "इकायचं येगळं, पोटात घालायचं येगळं," असं ती उघड म्हणायची.

अशा बाईच्या बांधावर संयोगिता येऊन उभी राहिली. कॉलेजात मातीवर संशोधन करणारी पोरगी. वरच्या अंगाला पूर्वी मुलामा चढवायचा कारखाना होता, त्याचं पाणी ओढ्यातून शेतात यायचं, म्हणून इथल्या पालकात कॅडमियम सापडलंय, असं तिनं सांगितलं. हा जड धातू दिसत नाही, पण खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात साठत जातो. तिच्याकडं दोन बाटल्या होत्या. एकीत मातीतलेच जिवाणू होते, धातूला मुळाबाहेरच धरून ठेवणारे. दुसरीत जस्ताचे अतिसूक्ष्म कण होते, कॅडमियमला मुळात शिरू न देणारे.

"दिसत न्हाय, वास न्हाय, आन् औषध तेवढं तुझ्याकडंच हाय व्हय?" रत्नव्वा म्हणाली. "फुकट कशापायी देतीस गं? जमीन कुणाला पायजे?"

"कुणालाच नको, मावशी. प्रयोग आहे."

"मग आधी तू पी बघू."

"हे प्यायचं नसतं," संयोगिता हसून म्हणाली.

झालं! संशय पक्का झाला. शेवटी सून मध्ये पडली. वर्षाराणीला दिवस गेलेले होते आणि तिचा शब्द सासू सहसा मोडत नसे. "बरं," रत्नव्वा म्हणाली, "इकायच्या वाफ्यात घाल काय घालायचं ते. परसात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

पालक काढणीला आला तशी संयोगिता नमुना न्यायला आली. तेव्हा रत्नव्वानं डाव टाकला. विकायच्या जुडीबरोबर परसातलीही एक जुडी दिली, जुन्या साडीच्या चिंधीनं बांधून. कुठली ते सांगितलं नाही. आपल्या चोख पालकातही हिनं विष असल्याचं सांगितलं की चोरी सापडली, मग बाटल्यांसकट हिला गावाबाहेर काढायचं. रत्नव्वा मनातून जाम खूश होती.

संयोगिता परत आली तेव्हा वर्षाराणी जेवायला बसली होती.

"मावशी, विक्रीचा पालक चांगला निघाला. कॅडमियम खूप खाली आलंय. पण ती चिंधीवाली जुडी कुठली? तुमच्या शेतात आधी होतं त्याच्याहूनही त्यात जास्त आहे. ओढ्यातल्या गाळावर पिकवलाय का कुणी?"

'खोटारडी' हा शब्द रत्नव्वाच्या ओठांवर आला होता. पण गाळाचं हिला कुणी सांगितलं? तिनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं मान हलवली, ती काही बोलली नव्हती.

कारखान्याचं सगळं त्या गाळातच तर बसलं होतं. शेजारणीला त्यातलं ढेकूळभर तिनं कधी दिलं नाही. सगळा गाळ घरासाठी.

वर्षाराणीच्या ताटात पालकाची पातळ भाजी होती. "खा, रगत वाढतंय," म्हणत पहिल्यापासून आता सातवा महिना लागेपर्यंत रत्नव्वाच ती रोज वाढत आली होती. तिनं ताट ओढून घेतलं. घास सुनेच्या हातातच राहिला.

"अव्वा, काय झालं?"

जन्मभर रत्नव्वानं साऱ्या जगाच्या हातांवर संशय घेतला होता, फक्त आपले हात सोडून. तिला आता त्यांचीच भीती वाटली.

"दवाखान्यात जाऊया," ती म्हणाली. "म्या काय खायला घातलं ते डॉक्टरला मीच सांगते."

मग ती मंडईला न्यायच्या बुट्टीपाशी गेली, गिऱ्हाइकासाठी बांधलेली एक जुडी सोडली आणि सवयीनं पान नाकाशी नेलं. वास चांगलाच होता. परसातल्याचाही चांगलाच होता.