सात फुटांचे पंख

आमचे हे, म्हणजे नीळकंठराव, कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचे. एकसष्ट साली पुण्याहून भोपाळला आलो, कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्यात, क्वार्टर मिळालं. मी कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकून मागितला, तर म्हणाले, "भिंत सरकारी आहे. माझी नोकरी अजून कच्ची. अर्ज करतो." वर्ष गेलं, अर्जाला उत्तर नाही, कॅलेंडर ट्रंकेवर! मी कपाळाला हात लावला.

तशात एका दुपारी मागच्या माळावर मेलेल्या म्हशीवर गिधाडं उतरली. त्यांच्या मारामारीत एक आमच्या परसात येऊन पडलं. परस अरुंद, तिन्ही बाजूंनी पुरुषभर भिंत, मागे दार नव्हतंच. मी डोकावले आणि अगं बाई गं! बसलेलं असून जवळजवळ माझ्या कमरेएवढं. मान उघडी, तिच्या बुडाशी पांढऱ्या पिसांचा गळपट्टा, चोच आकड्यासारखी. त्यानं पंख उघडले तर अख्खं परस झाकलं गेलं. टोकं दोन्ही भिंतींना घासली, चुना पडला आणि ते धप्पकन खाली बसलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

त्याला घरामधून पुढच्या दारानं बाहेर काढायला गेलो, तर चोच वासून अंगावर आलं. दुसऱ्या सकाळी त्याची मान लोंबत होती. शेजारचे शांताराम पहार घेऊन आले. "वहिनी, अपशकुन आहे हा. आजारी आहे, मारून टाकू."

ह्यांनी टेप काढली आणि चुना निघालेल्या खुणांमधलं अंतर मोजलं.

"सात फूट," म्हणाले. "आजारी नाही हो. एवढा देह उचलायचा तर आधी धावावं लागतं. इथे जागा कुठे आहे? असंच राहिलं तर मरेल."

"मग आता काय, अर्ज करणार?" मी म्हटलं.

ह्यांनी शांतारामांच्या हातातली पहार घेतली आणि सरकारी भिंतीवर घातली! "अहो, नोकरी जाईल!" मी ओरडले. ऐकतात कुठले. माळाकडची भिंत पार आडवी केली. मग आम्ही दारामागे सरलो.

गिधाड विटांवरून बाहेर पडलं. बेंगरूळ उड्या मारत धावलं, दहा पावलं, वीस पावलं, आणि उचललं गेलं! सतरंजी झटकावी तसा आवाज आला. मग तोही थांबला. पंख न हलवता ते नुसतं वर वर जात राहिलं. शांतारामांनी आ वासला होता. मला रडू आवरेना, का ते विचारू नका.

ह्यांनी आत येऊन अर्ज लिहिला: भिंत मी पाडली, शिक्षा मान्य आहे. सही केली, टोपण लावलं आणि मला म्हणाले, "कॅलेंडर आण. आणि एक खिळा दे."