हेमावहिनींची त्रिपुरवात

आमच्या थोरल्या जाऊबाई हेमावहिनी यांच्या हातचं सूत केसासारखं निघायचं. मांडीवर कापूस, तोंडाने विष्णुसहस्रनाम आणि चिमटीतून धागा. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या पेठेतल्या रामासमोर लावायची साडेसातशे पदरांची वात सासूबाईंनंतर त्यांनीच केली. "माझ्या हातची वात जाते ना, तोवर माझं बरं चाललंय," असं म्हणायच्या.

मग त्यांची बोटं सुजायला लागली. सकाळी चहाचा कप धरवेना. आमवात निघाला. डॉक्टर शर्मिलाबाईंनी नीट समजावलं. शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर उलटली आहे, मुख्य गोळी चुकवायची नाही. जोडीला माशाच्या तेलाची कॅप्सूल दिली. त्यातली चरबी पेशींच्या आवरणात जाऊन बसते, मग सूज पेटवणारी द्रव्यं कमी तयार होतात. "पण महिने लागतात हं. आणि ही फक्त मदतनीस."

आमच्या घरात मासळी शिवत नाहीत; वहिनींनी घरी येऊन कॅप्सूलचं पाकीट देवघरापासून लांब ठेवलं. त्यांचे यजमान, अनंतभाऊजी, पेपरातून मान न काढता म्हणाले, "देवाने मत्स्यावतार घेतलेला चालतो. कॅप्सूलमध्ये घेतला की विटाळ."

"तुम्ही नैवेद्य शिजवत नाही ना, म्हणून सुचतंय."

तरी घेऊ लागल्या. नैवेद्य दाखवून झाल्यावर, डोळे मिटून. उन्हाळा सरेपर्यंत मूठ वळायला लागली. गोळीने की कॅप्सूलने, कोण सांगणार? डॉक्टर म्हणाल्या, दोन्हींनी मिळून. एका दुपारी वहिनींनी मला हाक मारून हातभर धागा दाखवला. तेवढ्यावर मी देवाला पेढे ठेवले.

तनयाने, म्हणजे त्यांच्या लेकीने, आईला वारांच्या कप्प्यांची डबी आणून दिली होती. आषाढीच्या आदल्या दिवशी त्या डबीत एक कॅप्सूल फुटली. डबी उघडली तर सगळ्या गोळ्या तेलकट, मासळीचा वास. वहिनींनी डबीसकट सगळं कचऱ्यात टाकलं आणि डोक्यावरून अंघोळ केली.

"आता चातुर्मासात यातलं काही पोटात जायचं नाही."

"कॅप्सूल राहू दे, पण मुख्य गोळी?" मी विचारलं.

"तिलाही लागलंच की."

भाऊजींनी नवी पाकिटं आणली. त्यांनाही वास येतो म्हणाल्या. मी नाकाशी धरून पाहिली, कसलाच नव्हता.

"वहिनी, औषधाला दोष नसतो म्हणतात."

"तू चातुर्मासात कांदा खातेस?"

मी खात नाही. माझा नेम मी मोडत नाही आणि त्यांनी मोडावा म्हणून त्यांच्या दाराशी जाते. तनयाने फोनवर रडून पाहिलं, भाऊजींनी बोलणं सोडून पाहिलं. गौरींच्या वेळी वहिनींची मनगटं लाल, हात लावला तर गरम. पुरणाचं पातेलं मी उतरवलं. त्या म्हणाल्या, "देव बघतोय." मीही रोज त्यालाच सांगत होते.

कार्तिकी एकादशी झाल्यावर दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी हातांचे एक्स-रे पाहिले आणि चष्मा काढला.

"मुख्य गोळी का सोडलीत? आणि माशाचंच अडत होतं, तर हेच तेल शेवाळाचंही मिळतं. मासेसुद्धा मुळात तिथूनच घेतात. मला एकदा विचारायचंत."

वहिनींनी एवढंच विचारलं, "बोटं सरळ होतील?"

"सूज उतरेल. झिजलेलं भरून येत नाही."

यंदाची वात मी केली. वहिनी समोर बसल्या होत्या.

"धागा जाड येतोय गं."

"हो."

"कापूस सैल धर."

मग त्यांनीच माझ्या हातातून कापूस घेतला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांपर्यंत पोचेनात. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग माझ्या मांडीवर ठेवला.

देवळात वात पेटली. फार धुरकट जळली. एरवी कशावरही टोमणा मारणारे भाऊजी खांबाला टेकून धुराकडे बघत होते. वहिनींनी नमस्कार केला, पण तळवा तळव्याला टेकला नाही.

शेवाळाची कॅप्सूल आता त्या वेळेवर घेतात, मुख्य गोळीही. "घेतली का?" असं मला विचारायचीसुद्धा गरज पडत नाही.