आत्या पुण्याला निघते

कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहण्याआधीच त्याला शिस्त लावायला निघालेलं माणूस अख्ख्या जगात एकच झालं असेल, आणि ते म्हणजे माझी आत्या. मांडवीच्या आमच्या घरातून ती रोज मुलींच्या शाळेत गणित शिकवायला जायची. लग्न केलं नव्हतं. सांगून आलेल्या मुलांना तिने म्हणे पावकीचे पाढे विचारले. ऐंशीच्या दशकात शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत चादर पांघरून बसला. पुण्यात राहून जो प्रोग्रॅमिंगचा दीड महिन्याचा कोर्स करून येईल, त्याच्या ताब्यात तो द्यायचा, असं ठरलं. तरुण शिक्षक घरच्या अडचणी सांगत बसले, तोवर पन्नाशीला टेकलेल्या आत्याने नाव देऊनही टाकलं होतं.

मग तयारी सुरू झाली. कॉम्प्युटरची खोली थंडगार असते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिने भर मे महिन्यात स्वेटर घालायला सुरुवात केली. घामाने निथळत ओटीवर बसायची आणि विचारलं तर म्हणायची, "अंगाला आधी कळवलेलं बरं." कीबोर्ड कुठून आणणार? तिने आंब्याच्या पेटीची फळी घेतली, तिच्यावर चिंचोके चिकटवले, एकेकावर अक्षर रंगवलं आणि कुकरच्या शिट्या होईपर्यंत ती त्यावर बोटं बडवत बसे. एकदा उंदराने 'एस' पळवला, तर घरातली सगळी ट्रंका-पिंपं हलवून झाली. त्यात कोर्सच्या माहितीपत्रकात 'प्रत्येक कामाचे फाटे पाडून विचार करण्याचा सराव करावा' असं एक वाक्य होतं. त्या वाक्याने आम्हाला जगणं नकोसं केलं. मिरकरवाड्याला मासळी आणायला गेली की, "कल्ले लाल असतील तर भाव विचारायचा, नसतील तर पुढची टोपली, टोपल्या संपल्या तर पुन्हा पहिलीपासून," असं मोठ्याने म्हणत ती फेऱ्या मारायची. शेवटी एक मासेवाली ओरडली, "ओ बाई, घ्यायचं तर घ्या, नायतर फुडं सरा! तुमच्या फेऱ्यांत माझा बांगडा सुकला!"

आजोबांना, म्हणजे तिच्या वडलांना, हे सगळं पसंत नव्हतं. आमच्याकडे ग्रामदेवाला कौल लावल्याशिवाय कुणी गाव सोडत नसे. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या लावायचा आणि गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे आमचा प्रश्न देवापुढे मांडायचा. उजवी कळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. बी.एस्सी. झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी आत्याला पुण्यात प्रवेश मिळाला होता, तेव्हा डावी पडली होती. तिने भरलेली ट्रंक मुकाट्याने रिकामी केली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यामुळे निघायच्या दिवशी पहाटे आजोबा म्हणाले, "अगो, आधी देवाला विचारूया," तेव्हा मी आधी आत्याच्या भरलेल्या ट्रंकेकडे पाहिलं.

देवळात गुरव तोंड उघडणार, तोच आत्या स्वेटर सावरत पुढे झाली. "गाऱ्हाणं मी घालते," म्हणाली आणि हात जोडून तिने सुरू केलं, "बा म्हाराजा, उजवी दिलीस तर मी सकाळच्या एस.टी.ने पुण्याला जाईन. डावी दिलीस तर संध्याकाळच्या एस.टी.ने जाईन. काहीच दिलं नाहीस, तर ज्या गाडीत जागा मिळेल तिने जाईन."

गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे झालो. गुरवाच्या मात्र लक्षात आलं.

"बाय, ह्यात 'नाय' कुठं हाय?"

"ठेवलंच नाही," आत्या म्हणाली. "गेल्या वेळचं गाऱ्हाणं दुसऱ्यांनी घातलं होतं."

आजोबा काहीतरी बोलणार होते, पण 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठ्याने त्यांनीच म्हटलं होतं. थोड्या वेळाने कळी पडली. डावीच.

पुढे आत्या कॉम्प्युटर शिकली, शाळेतल्या मुलींनाही तिने तो शिकवला. आता ती नाही, आणि तिची आठवण आली की मला ती त्या संध्याकाळचीच दिसते. एस.टी.च्या खिडकीशी स्वेटर घालून बसलेली, मांडीवर चिंचोक्यांची फळी. आजोबा काठी टेकत खिडकीखाली गेले.

"तेव्हाही संध्याकाळची गाडी होतीच की गो," ते म्हणाले.

जगातल्या प्रत्येक गोष्टीचे फाटे पाडून ठेवणाऱ्या आत्याने मांडीवरची फळी बाजूला ठेवली. तिने खिडकीतून त्यांचा हात धरला, आणि कंडक्टरने घंटी मारली तरी सोडला नाही.