टाकीपाशी काढलेले बूट

मंडळी, आजचीच गोष्ट सांगतो.

मी इंदापूरजवळच्या डिस्टिलरीत ऑपरेटर आहे. इथं खोलीएवढ्या टाकीत मक्याचं पीठ कढत पाण्यात घोटतात. आज टाकी धुऊन झाली असं समजून मी आत कढत पाणी सोडायला गेलो. व्हॉल्व्हला हात लावला आणि टाकीच्या दाराशी नीट जोडून ठेवलेले बूट दिसले.

हाक मारली. आतून आमचे जुने कामगार तात्या म्हणाले, "झालंच हाय, थांब."

ते बाहेर आल्यावर मी ओरडलो, "तात्या, बूट का काढले? नियम म्हाईत न्हाय का?"

"धान्याचं भांडं हाय. बूट घालून कसं उतरायचं?"

बूट तात्यांच्या पायात असते, तर मी पाणी सोडलं असतं. आता सांगा, बोलणी कुणी खायची?