पांढऱ्या तुरीचे पाच दाणे

आळंदच्या बाजारात माझं तूरडाळीचं दुकान. पोती येतात, जातात; पण आमच्या चर्चमधले मुख्य वडील निवडतानाचे किस्से एकदा आले की हलत नाहीत. पाळक म्हणजे आमचे पाद्री; त्यांच्यानंतर मंडळीत मुख्य वडिलांचाच शब्द, म्हणून ही निवड उपास-प्रार्थना करून व्हायची. निदान तसं ठरलेलं तरी असायचं.

*

एका वर्षी पाळकसाहेबांनी तीन दिवस उपास सांगितला. तिसऱ्या दिवशी सायमननं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, उपास सोडायला सगळ्यांना बिर्याणी घातली. शेतीवाला माणूस, हात सढळ. जेवणावरच मुख्य वडील म्हणून त्याचं नाव पक्कं झालं.

दानियलअप्पाचं नाव कुणी काढलंच नाही. हा रिटायर शाळामास्तर. मंडळीत कुणी आजारी पडलं की एसटीनं कलबुर्गीला जाऊन दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायचा. त्या दिवशीही तिथंच होता. एकजण बोट चाटत म्हणाला, "हजर न्हाई त्याचं नाव कसं घ्यायचं?"

*

पुढच्या खेपेला पाळकसाहेब म्हणाले, देवानं ज्याचं नाव मनात घातलं ते उभं राहून सांगा. एकानं भाऊ सांगितला, दुसऱ्यानं साडू, तिसऱ्यानं व्याही. मी मेहुणा सांगितला.

मागच्या बाकावरची म्हातारी राहेलअक्का उठली. "पाळकसाहेब, देवाला सगळे आमचे पाव्हणेच कामून दिसायलेत?"

ती निवड तिथंच मोडली. जुनेच वडील, म्हणजे सायमन, पुढे चालू राहिले.

*

मग पाळकसाहेबांनी तिसरी तऱ्हा काढली. दोन मडकी, एकावर सायमनचा फोटो, दुसऱ्यावर अप्पाचा. प्रत्येकानं तुरीचा एक दाणा टाकायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचीही सोय. तूर माझ्या दुकानची, लाल, मी स्वतः निवडून दिलेली. कुणावर दबाव नको म्हणून एकजण मडक्यापाशी गेला की बाकीच्यांनी डोळे मिटून प्रार्थना करायची.

इतकी मनापासून प्रार्थना आमच्या मंडळीत पहिल्यांदाच झाली. मडक्याकडं बघायला मात्र कुणीच उरलं नाही.

मडकी ओतली. सायमनचे दाणे अप्पापेक्षा दोनानं जास्त. पण त्याच्या ढिगात पाच दाणे पांढरे! पाळकसाहेबांनी ते तळहातावर घेतले आणि मला पुढं बोलावलं. "शेठ, तुम्ही धान्यातले जाणकार. हे दाणे तुमचेच का?"

पांढरी तूर कुणाच्या रानात होते ते मला ठाऊक होतं. दरसाल मीच घेतो. समोर माझी बायको बसली होती, सायमनची बहीण. तिनं मान खाली घातली.

मी म्हणालो, "व्हय, माझेच. पोत्यात एखादा येतोच मिसळून."

सायमन निवडून आला. पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना करायला अप्पाला उभं केलं. त्यानं ती केली, नेहमीसारखी, सावकाश. सायमनचं नाव घेऊन.

*

यंदा अप्पानं अंथरूण धरलं. ज्यानं सगळ्यांच्या उशाशी बसावं त्याच्या उशाशी बसायला कुणी नव्हतं, पोरं पुण्याला. एका रविवारी उपासना झाल्यावर आम्ही पाच-सहाजण गेलो. मुख्य वडील म्हणून प्रार्थना सायमननं सुरू केली. आवाज चांगला लागला होता त्याचा. आम्ही डोळे मिटले.

अप्पाच्या हातात माझा हात होता. त्यानं तो जरासा ओढला. मी डोळे उघडून वाकलो. त्याचे डोळे उघडेच होते.

"शेठ," तो पुटपुटला, "पांढरी तूर कशी हाय औंदा?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सायमनची प्रार्थना संपली, आणि सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "आमेन."