गायरानातली पोर

मोताळ्याकडच्या एका गावात ख्रिस्ती वस्ती मूठभर घरांची, अन् तिचा कारभारी पुंजाजी. महाराष्ट्र राज्य नवंकोरं होतं तेव्हाची गोष्ट. आता हा पुंजाजी कसा, तर दर रविवारी उपासनेत दिल्लीपासून सरपंच हिंमतरावांपर्यंत साऱ्या राज्यकर्त्यांसाठी डोळे मिटून प्रार्थना करणार. पण मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागू देणार नाही. "आपलं राज्य वरचं," ही त्याच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, शिकवण, अन् वस्तीकडून ती त्यानंच घोकून घेतलेली.

बायको मनकर्णाबाईचं माहेर कॅथलिक. पंचायतीची निवडणूक लागली तसा तिचा भाऊ शेषराव येऊन बसला.

"भाऊजी, अर्ज भरा. हिंमतराव बिनविरोध घेऊन राह्यले तुम्हाले. आमचे फादर म्हणतात, मत देणं हेही देवाचंच काम."

"तुह्या फादरले विचार, येशू कोणत्या पंचायतीत बसे?"

"नव्हता बसत, म्हणून तर त्याचा निकाल दुसऱ्यांनी लावला."

पुंजाजी हसला. अर्ज काही भरला नाही.

चुलीजवळून मनकर्णाबाई म्हणाली, "गायरानाचं तेवढं पक्कं करा. मले पोरीजवळ माती द्या, दुसरं काही नाही." त्यांची लहानगी नाल्यापलीकडच्या गायरानात पुरलेली. वस्ती आपली माणसं तिथंच पुरायची, पण दफनभूमी म्हणून सरकारदरबारी नोंद नव्हती.

नव्या पंचायतीनं त्याच गायरानात बैलबाजार भरवायचा ठराव केला. पुंजाजी गेला, तर हिंमतराव खरोखर हळहळले. "तुमच्यातला एक जण बैठकीत असता तर बोलला असता ना, पुंजाजी. आता वरून मंजुरीही आली."

थंडीत मनकर्णाबाई गेली. गायरानात खुंट्या ठोकलेल्या. बैलगाडीत घालून तिला शेषरावच्या गावी नेली. फादरनं काही न विचारता जागा दिली. पण पोर इकडं राहिली, माय तिकडं.

पुढच्या निवडणुकीत पुंजाजीनं अर्ज भरला. मंडळीनं त्याला प्रभुभोजनातून, उपासनेतल्या भाकरी-द्राक्षरसाच्या पंगतीतून, उठवलं. तरी तो वस्तीत दारोदार फिरला.

"तुम्हीच शिकवलं ना, मामा," विमलबाई दारातून म्हणाली, "शाई लावू नका म्हणून. आता काऊन लावा म्हणता?"

वस्तीतलं कोणी मतदानाला गेलं नाही. पुंजाजी पडला.

मग दर बाजाराला तो गायरानात एका ठिकाणी मांडी घालून बसे. कोणी बैल घेऊन आला की हात आडवा करी.

"इथं खुंटी नोको ठोकू, बापा. थोडं तिकडं बांध."