लॅपटॉपखालचा टॉवेल

"आधी गप बसा की, आवाज ऐकू द्या!" असं म्हणून अण्णा टेबलावर वाकायचे आणि लॅपटॉपला कान लावायचे. समोर शिपाई असो नाहीतर साहेब, गप बसावंच लागे. सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या कंपनीत ते बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करायला येत होते. मी तिथे टॉवेलची डिझाइनं काढते.

अण्णांचे आईबाप दोघंही विणकर, त्यामुळे त्यांचं लहानपण मागांच्या खडखडाटात गेलेलं. "मागाचा आवाज जरा बदलला की आमची आई झोपेतनं उठायची," असं कौतुकानं सांगायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. स्वतःच्या डब्यातली भाजी आंबली तरी कळायचं नाही, पण लॅपटॉपच्या पंख्यात कचरा अडकलाय हे जिन्यातूनच कळतं.

आमचे साहेब म्हणजे मालकांचे पुतणे. परदेशी गिऱ्हाइकांशी व्हिडिओवर बोलताना लॅपटॉपचा पंखा घरघरतो, याची त्यांना लाज वाटे. त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येकानं लॅपटॉपखाली जाड टॉवेलची घडी ठेवायची. टॉवेलच्या कंपनीत टॉवेलला काय तोटा! हवा आत घ्यायची भोकं नेमकी खालच्या बाजूला. ती बुजल्यावर पंखा बिचारा दुप्पट कोकलायला लागला. त्यावर साहेबांनी घडी आणखी जाड करायला सांगितली. अकलेचा असला दुष्काळ मी आमच्या दुष्काळी जिल्ह्यातही दुसरा पाहिला नाही.

अण्णा आले की टेबलाटेबलावरचे टॉवेल ओढून काढत. "तोंडावर उशी दाबताय आणि वर म्हणताय, वरडू नको? श्वास घेऊ द्या की त्याला!" आम्ही हसायचो. ते गेले की साहेबांच्या भीतीनं पुन्हा घड्या ठेवायचो. मीसुद्धा.

एका सोमवारी अण्णांनी माझा लॅपटॉप उघडला, ब्रशनं पंख्यातला कापूस काढला, पुन्हा कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, पंखा वरडतोय तवर काळजी न्हाई. पण ही हार्डडिस्क टक टक करायलीय. हिचं काय खरं न्हाई. डिझाइनं आजच्या आज दुसरीकडं उतरवून घ्या."

डिझाइनं चोरीला जातील म्हणून आमच्याकडे पेनड्राइव्हला बंदी. काहीही कॉपी करायचं तर साहेबांची परवानगी लागते. अण्णा केबिनमध्ये गेले, मी दारात उभी राहिले. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "परवा गिऱ्हाईक येतंय. लॅपटॉप हलवायचा नाही. आवाज येतोय तर टॉवेल ठेवा." अण्णांनी चक्क हात जोडले. "साहेब, एक तास द्या फकस्त." त्यांना कोणापुढे हात जोडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. साहेबांनी तो तास दिला नाही.

बुधवारी गिऱ्हाइकासमोरच डिस्क बंद पडली. चार वर्षांची डिझाइनं गेली. साहेबांनी अण्णांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत उभं केलं. "तुम्हीच बिघडवलीत!" मग माझ्याकडे वळले. "काय हो, सोमवारी यांनीच उघडला होता ना लॅपटॉप?"

मी "हो" म्हणाले.

खोटं काय होतं त्यात? उघडला होताच. अण्णांनी तास मागितला होता, हे पुढचं मी सांगितलं नाही, कारण नोकरी मलाही हवी होती. अण्णांचं बारा वर्षांचं काम पाच मिनिटांत गेलं. "डिस्क घालवणारा माणूस" असा बोभाटा झाला, तशी दुसऱ्या कंपन्यांनीही त्यांना बोलवायचं बंद केलं. साहेबांची आठवण झाली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण साहेब निदान मूर्ख होते. मला तर सगळं माहीत होतं.

महिन्याभरानं मी अण्णांच्या घरी गेले. सामान बांधून झालं होतं. दोघं नवरा-बायको लेकीकडे भिवंडीला निघाले होते, कायमचे. वाटलं, आता चार शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. त्यांच्या बायकोनं चहा दिला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "ताई, त्या दिवशी तुमी हापिसात नव्हता व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "नव्हत्या गं. असत्या तर बोलल्या असत्या की."

मी चहा संपवला आणि उठले.